३१ मे नंतर हा गट नाही

परवा रात्री जेवण झाल्यावर तेंदूच्या, म्हणजे विडीच्या पानांच्या लिलावासाठी केलेला आमचा 'तेंदू नियोजन' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप बंद केला. एकेकाला काढत गेलो, शेवटी मी एकटाच उरलो, मग मीही बाहेर पडलो. सकाळी लगेच दोघातिघांचे फोन, काय झालं भाऊ, कोणाचं वाजलं का? अरे बाप्पा, वाजलं कोणाचंच नाही, जानेवारीतच रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं ना, ३१ मे नंतर हा गट नाही म्हणून. लिहिलेलं खरंच होते हे लोकांना पटत नाही, आमच्याकडे तशी सवयच नाही.

आमच्याकडे म्हणजे गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेड्याच्या पलीकडे. गावं लहान, चाळीस घरं पन्नास घरं, एक टोला, म्हणजे पाडा, तर बावीसच घरांचा. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्यानं आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानं अशा टोल्याचीही स्वतःची ग्रामसभा होऊ शकते, आणि सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर झाला की तेंदू, मोह, बांबू विकायचा अधिकार त्या ग्रामसभेचा. ग्रामपंचायतीचा नाही, ग्रामसभेचा, हे अजूनही कित्येक साहेबांना समजावून सांगावं लागते. पण अधिकार आहे म्हणून ठेकेदार येतो असं थोडीच आहे. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी, आणि लहान टोल्याची सगळी मिळून गोणी निघते साठ-सत्तर. तेवढ्यासाठी ठेकेदार कशाला गाडी पाठवेल, आणि आलाच तर भाव त्याचा. वरून पॅनकार्ड, बँकेचं खातं, पेपरात जाहिरात, करारनामा, वाहतुकीचे पास, हे सगळं त्या बावीस घरांनी एकट्यानं कसं करायचं?

म्हणून अकरा ग्रामसभांनी एकत्र लिलाव करायचं ठरवलं. कोरची तालुक्यात ९० च्या आसपास ग्रामसभांची मिळून महाग्रामसभा आहे, ते आम्हाला माहीत होतं, पण आमच्या म्हाताऱ्यांना तेवढं मोठं काही नको होतं. एक म्हणाला, अजून एक समिती काढता का? त्याचंही बरोबरच होतं म्हणा. तंटामुक्ती समिती, दक्षता समिती, पाणीपुरवठ्याची, शाळेची, वन व्यवस्थापनाची, आमच्या गावात मोजल्या तर माणसांपेक्षा समित्या जास्त निघतील, आणि एकही कधी अधिकृतपणे मेलेली नाही, बोर्ड तेवढा गंजत राहते. म्हणून आम्ही समिती हा शब्दच घेतला नाही. प्रत्येक गावातून एक बाई एक माणूस, असे बावीस जण, नाव नियोजन गट, अध्यक्ष नाही, सचिव नाही, आणि संपायची तारीख आधीच.

यातली एक गोष्ट आम्ही सरळ मेंढा (लेखा) कडून उचलली. धानोरा तालुक्यातलं ते गाव सगळ्यांना माहीत आहे, 'आमच्या गावात आम्हीच सरकार' वालं, २००९ मध्ये तिथे सामूहिक वनहक्क मिळाला, १८०० हेक्टरच्या आसपास जंगल, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास गावाच्या हातात आले. पण बाहेरचे लोक जे पाहत नाहीत ते हे की तिथे ग्रामसभेसोबत अभ्यासगट होता. अभ्यासगटात बसायचं, कायदा वाचायचा, बाहेरच्यालाही बोलवायचं, पाहिजे तेवढा वाद घालायचा, पण निर्णय तिथे करायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीनं. वाचायला किती सोपं वाटते ना. आम्हालाही वाटलं होतं.

आम्ही कुठे चुकलो ते सांगतो. मार्चच्या शेवटी लिलावाच्या अटी मंजूर करायला सगळ्या गावांत सभा लावायच्या होत्या. आमच्यातले आम्ही चार-पाच शिकलेले, एका पोट्ट्याकडे लॅपटॉप, दोन रात्री बसून मस्त टाइप केलं, प्रिंट काढले, आणि पहिल्या गावात सकाळी दहाची वेळ दिली कारण आम्हाला दुपारी तालुक्याला जायचं होतं. गेलो तर मंडपात माणसं बरी होती, पण बाया मोजून सहा. वनहक्क कायद्याच्या नियमाप्रमाणे निम्मे सभासद हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बाया पाहिजेत, तर सभाच होत नव्हती. आम्ही बसून राहिलो. साडेदहाला एक आजी टोपली घेऊन जंगलाकडून आली, टोपलीत मोहफुलं, लुगड्याला दव, आणि मंडपाच्या कडेला टोपली ठेवून म्हणते,

"मोह का तुमची वाट पायत रायते का जी? पहाटं नाई येचला त ढोरं खाऊन जातेत."

सगळे हसले, मीही हसलो. मग तिनं कोणाच्या तरी हातातला आमचा कागद पाहिला, तिला वाचता येत नाही, पण खाली सह्या-अंगठ्यांच्या रिकाम्या ओळी होत्या त्या बरोबर ओळखल्या. "अना सारं त लिवूनच आनलं तुमी. मंग आमाले काहून बलावलं, अंगठ्यासाठी?"

त्या वेळी मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. दोन रात्री जागून केलेलं काम. पण वनखात्याचा माणूस जेव्हा तयार ठराव घेऊन यायचा तेव्हा आम्हीच त्याच्यावर ओरडायचो ना, आणि आता आम्ही तेच, फक्त फॉन्ट चांगला.

ती सभा मोडली. परत लावली संध्याकाळी सातला, मोह वाळत घालून झाल्यावर, आणि कागद नेलाच नाही, कोरं रजिस्टर नेलं. लाईट गेली म्हणून मोबाईलच्या टॉर्चवर सभा चालली, अर्धं बोलणं गोंडीत, आणि आमच्या टाइप केलेल्या कागदात जे नव्हतं तेच पहिलं निघालं. आम्ही लिहिलं होतं की रॉयल्टीची, म्हणजे ठेकेदारानं ग्रामसभेला द्यायच्या पैशाची, अर्धी रक्कम हंगाम संपल्यावर. बायांनी सांगितलं, पहिलं पान तोडायच्या आधी अर्धी खात्यात जमा पाहिजे, नाहीतर फळी, म्हणजे पुडे मोजून घ्यायची जागा, सुरू होणार नाही. एका गावाला मागे एका ठेकेदारानं असंच लटकवलं होतं, त्याची आठवण घराघरात ताजी होती, फक्त आमच्या लॅपटॉपमध्ये नव्हती. बाकीच्या गावांत मग हीच अट पटापट लागली.

अकरापैकी एक गाव शेवटच्या क्षणी बाहेर पडलं, आपलं आपण विकतो म्हणाले. गटातल्या काहींना वाटलं समजवायला जावं, थोडा दबाव टाकावा. गेलो नाही. त्यांची ग्रामसभा आहे, आम्ही कोण. लिलावाला दोन ठेकेदार आले, भाव ठीकठाक मिळाला, फार उड्या माराव्या असा नाही, जीएसटीचं रडगाणं त्यांनी दर वेळेसारखं गायलंच. मे मध्ये पंधरा-सोळा दिवस तोडाई चालली, पहाटे चारला जंगलात, दुपारी घरी बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. त्या दिवसांत गटाचं काम काहीच नव्हतं, फक्त कोणाच्या खात्यात पैसे आले नाहीत तर बँकेत फेरी.

आणि मग ३१ तारीख आली. खरं भांडण झालंच असेल तर ते इथे. रॉयल्टीचा दुसरा हप्ता बाकी आहे, हिशोब पूर्ण झाला नाही, गट कसा मोडता, निदान दिवाळीपर्यंत ठेवा, अध्यक्ष नको पण एक शिक्का तरी बनवू, असं तिघेचौघे म्हणत होते आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. शिक्क्याचं नाव निघालं तशी तीच आजी, ती गटात नव्हती, चहा द्यायला आली होती, नुसती आमच्याकडे पाहून हसली. शेवटी दुसऱ्या हप्त्याची वसुली ज्या-त्या ग्रामसभेनं आपापली करायची, कराराची प्रत प्रत्येकीकडे आहेच, असं ठरलं. पुढच्या जानेवारीत वाटलं तर नवा गट, नवी माणसं.

गटाच्या नावावर शेवटी उरलं काय तर दोन ताडपत्र्या, एक स्टेपलर, शाई वाळलेलं अंगठ्याचं पॅड आणि ३४० रुपये. पैशाचा चहा झाला. एक ताडपत्री बावीस घरांच्या टोल्यानं नेली, त्यांच्याकडे सभेला मांडवच नाही. दुसरी माझ्याकडे पडून आहे, पाऊस लागायच्या आत कोणी न्यायला येईल तर बरं.