तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रेस जोन्स सिनेमात 'गेली' कधी?

प्रश्न नेहमी एकच असतो. डिस्को (सत्तरच्या दशकातलं क्लबमध्ये नाचायचं संगीत) बुडाला म्हणून गायिका आणि नटी ग्रेस जोन्स सिनेमात गेली ना? आणि मग तिथेही तिचं का जमलं नाही? दर वेळी मी दोन वाक्यांत उत्तर देते आणि दर वेळी ते अपुरं पडतं, म्हणून आज सविस्तर लिहिते. बाँडपटात तिनं केलेली मे डे, तिचे चौकोनी कापलेले केस, हे तुम्हाला माहीत आहेच, ते सोडून देते.

मुळात क्रम चुकतो. तिचा पहिला सिनेमा 1973 चा, 'गॉर्डन्स वॉर', छोटी भूमिका. पहिला अल्बम 'पोर्टफोलिओ' आला 1977 मध्ये. म्हणजे कॅमेरा आधी, माइक नंतर. मधली वर्षं पॅरिसमध्ये मॉडेलिंगची. तेव्हा 'गायिका होती, मग नटी झाली' ही गोष्ट सांगायला सोपी आहे, पण खरी नाही.

डिस्कोच्या काळात ती थोर गात होती, असंही मी म्हणणार नाही. 'पोर्टफोलिओ', 'फेम' आणि 1979 चा 'म्यूज', तिन्हींचा निर्माता टॉम मोल्टन. बारा इंची सिंगल, म्हणजे एखाद्याच गाण्याची मोठी तबकडी, रूढ केली ती त्यानंच. सात इंची तबकडीवर लांब गाणं बसवलं तर खाचा दाटीनं कोराव्या लागतात आणि बासचा जोर जातो. मोठ्या तबकडीवर खाचांना ऐसपैस जागा मिळते, म्हणून सात मिनिटांचं गाणंही क्लबमध्ये छातीवर आदळतं. पण त्या रचनेत प्रत्येक मात्रेला किक (पायानं वाजणारा मोठा ड्रम), दोन किकच्या मधोमध उघडणारी हाय-हॅट (झांजांची जोडी) आणि वर व्हायोलिनांचा गालिचा. गायिकेनं त्या सगळ्याच्या वर स्वर लांबवत राहायचं. ग्रेसचा आवाज खर्जातला. वरच्या पट्टीत लांबवलेला स्वर तिचा हलतो, कधी उतरतो. 'ला व्ही आँ रोझ' सुंदर होतं, कारण तिथे वाद्यं तिच्यासाठी थांबतात. बाकी बऱ्याच ठिकाणी ती वाद्यांमागे धावताना ऐकू येते. तुम्हाला ते आवडत असेल, तर माझी हरकत नाही.

आता तो उन्हाळा. 12 जुलै 1979, शिकागोचं कोमिस्की पार्क. बेसबॉलचे एकापाठोपाठ दोन सामने, आणि डिस्कोची एक तबकडी आणली की तिकीट 98 सेंटला. मधल्या सुट्टीत तबकड्यांची पेटी मैदानात स्फोटानं उडवली, हजारोंचा जमाव मैदानात घुसला, खेळपट्टीची नासधूस झाली आणि दुसरा सामना यजमान संघाला गमवावा लागला. पुढच्या काही महिन्यांत रेडिओ स्टेशनांनी डिस्को वाजवणं कमी केलं, कंपन्यांनी आपापले डिस्को विभाग आवरले. 'म्यूज' नेमका या पडझडीत आला आणि गेला. बुडाली म्हणता ती इथेच.

पण 'म्यूज'नंतर वर्षही उलटलं नाही तोवर, 1980 मध्येच, 'वॉर्म लेदरेट' आला. या दोन तबकड्या लागोपाठ ऐका, मगच माझ्याशी वाद घाला. आयलंड रेकॉर्ड्सच्या क्रिस ब्लॅकवेलनं तिला बहामातल्या नासाऊला, स्वतःच्या कंपास पॉइंट स्टुडिओत आणलं. भिंतीवर तिचा मोठा फोटो लावला आणि वादकांना सांगितलं की ही दिसते तसं वाजायला हवं. त्यानं माणसंही त्याच हिशेबानं निवडली होती. जमैकाची जोडी, ड्रमवर स्लाय डनबार आणि बासवर रॉबी शेक्सपिअर. तालवाद्यांवर 'स्टिकी' थॉम्पसन. गिटारवर बॅरी रेनल्ड्स आणि मायकी चंग. सिंथेसायझरवर वॉली बादारू. ध्वनिमुद्रणाला अॅलेक्स सॅडकिन. व्हायोलिनं गेली. सगळे एकत्र बसून वाजवत होते.

त्यानं बदललं काय? बास पुढे आला आणि तोच चाल सांगू लागला. गिटार उलट्या मात्रेवर, म्हणजे मुख्य ठोक्यांच्या मधे, तुटक वाजते आणि गप्प होते. दोन आघातांमध्ये रिकामी जागा राहू लागली, आणि त्या जागेत खर्जातला आवाज जवळजवळ बोलत आला तरी पुरतो. स्वर लांबवायची गरजच उरत नाही. 'प्रायव्हेट लाइफ' हे प्रिटेंडर्स या रॉक बँडचं गाणं तिनं तसंच म्हटलं, थंडपणे, एकेक शब्द मोजून ठेवत. ब्रिटनच्या खपाच्या यादीत ते 17 व्या क्रमांकापर्यंत गेलं. आवाज तोच होता, उणीवही तीच. फक्त उणीव झाकणारी रचना जाऊन तिच्यावरच उभी राहिलेली रचना आली. 1981 चा 'नाइटक्लबिंग' आणि 1982 चा 'लिव्हिंग माय लाइफ' त्याच खोलीतले, त्याच माणसांचे.

सिनेमाचं कोडंही मला इथेच सुटतं, किंवा सुटतंय असं वाटतं. 1984 मध्ये 'कोनन द डिस्ट्रॉयर'मधली झूला, 1985 मध्ये मे डे, 1986 मध्ये 'व्हॅम्प'मधली कॅट्रिना. कॅट्रिनाला एकही संवाद नाही आणि तरी नजर तिच्यावरून हटत नाही. मे डेचा शेवट आठवा: खाणीतून बॉम्ब नेणाऱ्या गाड्याचा ब्रेक सुटतो म्हणून ती स्वतः तो धरून बसते. त्या दृश्यात बोलणं नावापुरतं, काम चेहरा करतो. ज्या पटकथेत तिच्याभोवती मोकळी जागा होती तिथे ती चालली. जिथे भराभर बोलायचं होतं तिथे अवघडली. 'ब्लेड रनर'मधल्या भूमिकेला तिनं पटकथा न वाचताच नकार दिला, नंतर विमानात वाचून मन बदललं, तोवर ती दुसरीला मिळाली होती, असं तिनं आत्मचरित्रात लिहिलंय. ती भूमिका झाली असती तर तुमचा प्रश्न कदाचित वेगळा असता.

पूर्वी मी ठामपणे म्हणायचे की सिनेमानं तिचं गाणं खाल्लं. 1982 नंतर तीन वर्षं अल्बम नाही आणि त्याच काळात दोन मोठे सिनेमे. हिशेब अगदी चोख वाटायचा. पण मे डेच्याच वर्षी निर्माता ट्रेव्हर हॉर्ननं 'स्लेव्ह टू द ऱ्हिदम' केला, एकाच गाण्याची अनेक रूपं असलेला अख्खा अल्बम, आणि त्यातली सिंगल ब्रिटनमध्ये 12 व्या क्रमांकावर गेली. सिनेमा करताना गाणं मेलं असतं तर हे कुठून आलं? मग निर्माता नाइल रॉजर्सबरोबरचा 1986 चा 'इनसाइड स्टोरी' तितका का नाही पकडत, यावर माझं उत्तर दरवर्षी बदलतं. मला तो फार गुळगुळीत वाटतो, सगळ्या फटी लिंपल्यासारखा. पण रॉजर्सला दोष देताना मी अडखळते, कारण गाणी वाईट नाहीत.

1989 च्या 'बुलेटप्रूफ हार्ट'नंतर पुढचा अल्बम, 'हरिकेन', थेट 2008 मध्ये. 19 वर्षं. त्याला सिनेमा कारण नाही, त्या काळात तिनं सिनेमे मोजकेच केले. 'हरिकेन'वर पुन्हा स्लाय, रॉबी, बादारू, रेनल्ड्स, चंग, स्टिकी, म्हणजे जवळपास सगळी नासाऊची मंडळी आहेत, आणि साठीतला तिचा खर्ज आणखी खाली गेलाय. ही माणसं मधली सगळी वर्षं होतीच ना? मग इतका काळ त्यांना एका खोलीत कुणीच का बसवलं नाही, हे तुम्ही मला विचारत नाही. मी मात्र दर वेळी ती तबकडी लावताना तेच विचारते.