तिकोनी काच

परवा दुपारी मित्राच्या गाडीखाली थारोळं दिसलं. जुन्या स्पोर्ट्स कारखाली थारोळं असायचंच. नसेल तर काळजी करावी, तेल संपलेलं असतं. पण हे तेल नव्हतं आणि हिरवट कूलंटही नव्हतं. स्वच्छ पाणी, बोटाला गार लागणारं. म्हातारी गाडी असं पाणी टाकायला लागली की समजावं, हिला एसी बसवलाय.

"बसवलास?"

"बसवला," तो म्हणाला आणि माझ्याकडे न बघताच बॉनेट उघडायला गेला.

गाडी १९६६ ची एमजीबी जीटी. पुढे दोन माणसं, मागच्या बाकावर फार तर दोन पिशव्या. छप्पर पक्कं आणि मागे भलीमोठी तिरकी काच. याच काचेमुळे ती देखणी दिसते आणि याच काचेमुळे आत बसणारा शिजतो. वरून ऊन, पायाशी गिअरबॉक्सच्या बोगद्यातून येणारी धग. देखण्या गाड्यांचं हे नेहमीचंच. मर्सिडीजची १९५४ ची ती ३००एसएल, वर उघडणाऱ्या दारांची. तिच्या दारांच्या काचा खाली होतच नाहीत. फारच उकडलं तर अख्खी काच काढायची आणि सीटच्या मागे ठेवून द्यायची. फोटोत हे दिसत नाही.

आमच्या लहानपणी घरच्या गाडीला पुढच्या दारात एक तिकोनी काच होती. छोटीशी, आपल्या खिट्टीची, स्वतःभोवती फिरणारी. पुढे बसायला मिळणं म्हणजे ती काच आपल्या ताब्यात येणं. थोडी उघडली की वारा शिट्टी वाजवायचा. अर्धी उघडली की हनुवटीवर यायचा. आणि पुरती उलटी फिरवली की सगळा झोत थेट तोंडावर, डोळे मिटतील इतका. रेक्झिनची सीट मांड्यांना चटके द्यायची, पण त्या झोतात सगळं माफ असायचं. मागून भावाची भुणभुण: "मला काहीच येत नाहीये." बाबांचं एकच वाक्य: "हात आत घे." गाडी थांबली की वाराही थांबायचा, आणि मग सगळे एकदम बोलायला लागायचे, चला ना, चला ना. अमेरिकेत याच गोष्टीला थट्टेनं 'चार-साठ' एसी म्हणत: चार काचा खाली आणि ताशी साठ मैल. स्पोर्ट्स कारला दोनच काचा, म्हणजे 'दोन-साठ'. तेव्हापासून मला वारा लागतो तो गाडी चालल्यामुळे आलेला. जाळीतून येणारा गारवा कानात बसतो. घरात कोणी हे ऐकून घेत नाही.

मित्राच्या गाडीलाही ती तिकोनी काच आहे. आता ती घट्ट बंद असते.

बॉनेटखाली मात्र बघण्यासारखं होतं. एसी बसवणं म्हणजे एक पेटी आणून लावणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे एकदा पाहावं. उष्णता नाहीशी होत नाही, फक्त जागा बदलते. आतल्या कॉईलमध्ये द्रव झालेल्या गॅसची वाफ होताना तो केबिनमधली उष्णता उचलतो आणि पुढे कंडेन्सरमध्ये नेऊन टाकतो. कंडेन्सर बसतो रेडिएटरच्या अगदी पुढ्यात. म्हणजे रेडिएटरला आता तापलेली हवा मिळणार. म्हणून रेडिएटर मोठा केला. तेवढ्यानं भागेना, म्हणून विजेचा पंखा आला. पंख्याला करंट लागतो आणि या गाडीचा डायनॅमो इंजिन आयडलला असताना जवळजवळ काहीच देत नाही, म्हणून अल्टरनेटर आला. त्यात ही गाडी पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं, आणि एसीचं किट बनवलेलं निगेटिव्ह अर्थ धरून. म्हणून अर्थिंग उलटं केलं. एका गार झुळकेपायी गाडीचा अधिक-उणा बदलला!

भोक पाडायचं नाही, ही त्याची अट होती. जुन्या गाड्यांच्या लोकांत हा सोवळ्यासारखा प्रकार असतो: जे लावाल ते उद्या काढता आलं पाहिजे, मूळ पत्र्याला ओरखडा न येता. गॅस दाबणारा कॉम्प्रेसर पट्ट्यानं इंजिनावरच चालतो; त्याचं ब्रॅकेट इंजिनाच्या आहे त्याच बोल्टांवर बसलं. पण नळ्या आत न्यायला फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात, एक वाट हवीच होती. मेकॅनिकनं ड्रिल उचललं तेव्हा हा म्हणे बाहेर जाऊन उभा राहिला. आवाज थांबल्यावर आत आला आणि पहिला प्रश्न, "केवढं?"

मग आम्ही चक्कर मारली. त्यानं बटण दाबलं, कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणाऱ्या क्लचचा 'टक्' असा आवाज झाला आणि इंजिनाचा सूर खाली आला, अगदी कानाला कळेल इतका. नवी ताजी असताना हिला पंच्याण्णव अश्वशक्ती. त्यातले काही घोडे आता आमचं कपाळ पुसायला लागले होते. आजच्या गाडीत हे कळतच नाही, संगणक गुपचूप सांभाळून घेतो. इथे मात्र प्रत्येक गार श्वासाची पावती मिळते. (१९३९ च्या अखेरीस पॅकार्डनं कारखान्यातूनच एसी बसवलेली गाडी आणली, तिच्या कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता. एसी खरोखर बंद करायचा तर उतरायचं, बॉनेट उघडायचं आणि पट्टा काढायचा. ज्याला थंडी वाजेल त्यानं उतरावं.)

गार झालं, हे कबूल. पण काचा वर गेल्या आणि दोन्ही कार्ब्युरेटरांचं ते घुसमटलेलं घोरणं बाहेरच राहिलं. त्याऐवजी आतले आवाज ऐकू यायला लागले: डॅशबोर्डची किरकिर, मागच्या झाकणाची खडखड, ब्लोअरची घरघर. साठ वर्षं ज्या आवाजानं हे सगळं झाकून ठेवलं होतं, तोच आम्ही बाहेर काढला होता.

परतताना त्यानं सांगितलं की एसीच्या आधी त्यानं सिलिंडर हेडमध्ये टणक व्हॉल्व्ह सीट बसवून घेतल्या होत्या, कारण पूर्वी मूळच्या सीटना झिजण्यापासून सांभाळणारं पेट्रोलमधलं शिसं आता नाही. आणि एसीचा जुना आर-१२ गॅसही आता नाही, म्हणून किट आर-१३४ए वर चालणारं. ही दोन्ही कामं एकाच माणसानं लावून दिलेली. अमेरिकन संशोधक थॉमस मिजली. १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये शिसं घालायचं सुचलं ते त्याच्या प्रयोगांतून, आणि १९२८ मध्ये फ्रिऑनही, म्हणजे हाच आर-१२, त्याच्याच हाताखाली जन्मलं. त्याआधी थंडाव्यासाठी अमोनिया, सल्फर डायॉक्साइड असली जीवघेणी रसायनं वापरत. नवा वायू किती निरुपद्रवी आहे हे दाखवायला त्यानं १९३० मध्ये तो रसायनशास्त्रज्ञांसमोर छातीत भरून घेतला आणि त्याच फुंकरीनं मेणबत्ती विझवली. पुढे पोलिओनं तो खाटेला खिळला, स्वतःला उठवायला दोर आणि कप्प्यांचं साधन बनवलं आणि १९४४ मध्ये त्याच दोरांत अडकून गेला. असे वायू वातावरणातला ओझोनचा थर खातात, हे त्यानंतर तीस वर्षांनी लोकांच्या ध्यानात आलं. ते बंद करायचा माँट्रियलचा करार १९८७ चा. त्याला यातलं काहीच कळलं नाही.

"नवा गॅस ओझोनला काही करत नाही," मित्र म्हणाला. ते खरं आहे. वातावरण तापवण्यात मात्र तो कार्बन डायॉक्साइडच्या हजार पटींहून भारी पडतो, हे मी बोललो नाही. पाहुणा होतो, आणि गार वाटत होतं.

गाडी माझी नाही, म्हणून एवढी मतं. माझी असती तर बसवला असता का? भर उन्हाळ्यात विचारू नका.