स्त्रीराज्यात भांडी कोण घासतं? (आणि पॅनलसाठी आणखी काही भांडणं)

‘स्त्रीवाद आणि विज्ञानकथा’ हा पॅनलचा विषय होऊ शकत नाही. पुण्यात स्त्रीवादी विज्ञानकथांचा मेळावा भरवायचा म्हणून सभागृह ठरवून फ्लेक्स छापायला टाकण्याआधी एवढं पक्कं करून घ्या. हा फ्लेक्सवरचा मजकूर झाला. पॅनलला वाद लागतो, आणि तोही असा की दोन्ही बाजूंना शहाणी माणसं सापडावीत.

इकडे अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात १९७७ साली विस्कॉन नावाचं स्त्रीवादी विज्ञानकथांचं कन्व्हेन्शन, म्हणजे वाचक-लेखकांचा मेळावा, सुरू झालं. पुढे ते मे महिन्यातल्या मेमोरियल डेच्या सुट्टीला जोडून भरायला लागलं. या मंडळींकडून उचलण्यासारखी गोष्ट एकच: चर्चेचे विषय चार जणांची समिती बंद खोलीत ठरवत नाही. विषय लोकांकडून मागवतात. मग ती लांबलचक यादी पुन्हा लोकांपुढे ठेवतात आणि विचारतात की यातलं काय ऐकायला याल, कशावर बोलायला बसाल, कोणती चर्चा चालवायला तयार आहात. ज्यानं विषय सुचवला त्यानं बोलायला बसलंच पाहिजे, असंही नाही.

आपल्याकडच्या परिसंवादाची सवय इथं आड येते. चार वक्ते, प्रत्येकी वीस मिनिटं, मग अध्यक्षीय समारोप, आणि ‘वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येत नाहीत’. पॅनलमध्ये भाषण नसतं. माणसं एकमेकांशी बोलतात, आणि त्यांनी एकमेकांशी बोलावं असा प्रश्न आधी कोणीतरी घडवलेला असतो. तो घडवायला बसायचं कसं, ते सांगतो.

सहा ते आठ माणसं आणि दोन तास पुरतात. दहापेक्षा जास्त झाले की दोघे बोलतात, बाकीचे चहा पितात. निम्मे सगळं वाचलेले असावेत आणि निम्मे थोडंच वाचलेले, पण कुठल्यातरी दुसऱ्या कामात मुरलेले: नर्स, वकील, प्रोग्रॅमर, शिक्षिका. पुणे आणि मॅडिसन मिळून व्हिडिओ कॉलवर बसणार असाल तर पुण्यातली शनिवारची रात्रीची साडेआठची वेळ बरी. उन्हाळ्यात तेव्हा इकडे सकाळचे दहा वाजलेले असतात, हिवाळ्यात नऊ. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये इकडची घड्याळं तासाभरानं सरकतात, त्या आठवड्यात कोणीतरी हमखास चुकीच्या वेळी उगवतं. निमंत्रणात दोन्हीकडची वेळ लिहा.

पहिली पंधरा मिनिटं कोणी बोलायचं नाही. प्रत्येकानं पाच चिठ्ठ्या लिहायच्या, एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. तोंडी सुरुवात केली की पहिल्या बोलणाऱ्याच्याच विषयाभोवती सगळे फिरत राहतात आणि दहा कल्पना म्हणून एकाच कल्पनेचे दहा अवतार हाती लागतात. लिहिताना ‘विषय’ शोधायचा नाही. कुठली कथा वाचताना राग आला, लेखकानं काय सोयीस्करपणे टाळलं, घरी किंवा कचेरीत घडणारी कुठली गोष्ट एकाही कथेत दिसत नाही, हे लिहायचं. मग चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायच्या, भिंतीवर चिकटवायच्या, सारख्या सारख्या जवळ आणायच्या. या टप्प्यावर ‘हे झालंय आधी’ म्हणायला बंदी.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. समजा चिठ्ठीवर ‘विज्ञानकथांमधलं घरकाम’ एवढंच आहे. ठीक, पण यावर कोणी कोणाशी भांडणार? मग माहितीतली उदाहरणं टेबलावर आणा. बंगाली लेखिका रुकय्या सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ (सुलतानाचं स्वप्न) ही इंग्रजी कथा १९०५ साली मद्रासच्या मासिकात आली. तिच्यातल्या स्त्रीराज्यात स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो, चुलीचा धूर नाही. बायका कचेरीचं काम दोन तासांत उरकतात, कारण पुरुषांसारखे त्यांचे सहा तास चिरूट ओढण्यात जात नाहीत. आणि पुरुष? ते मर्दान्यात, म्हणजे पुरुषांसाठीच्या जनानखान्यात, मुलं सांभाळताहेत, रांधताहेत. मराठीत काशीबाई कानिटकरांनी १९२८ मध्ये ‘पालखीचा गोंडा’त बाईच्या हाती कारभार देऊन पाहिला. ही दोन नावं शेजारी ठेवली की चिठ्ठी हलायला लागते. रुकय्यांच्या राज्यात घरकाम संपलेलं नाही, करणारे हात बदललेत. मग कोणीतरी पुण्यातल्या सोसायटीची आठवण काढतं: मिक्सर, वॉशिंग मशीन, डिशवॉशर सगळं आलं, तरी सकाळी आठला बेल वाजते आणि मावशी येतात. त्यांच्यासारख्यांसाठी महाराष्ट्रात कल्याण मंडळाचा कायदा व्हायला २००८ उजाडलं. आता प्रश्न तयार झाला. यादीत तो असा जाईल:

‘स्त्रीराज्यात भांडी कोण घासतं? १९०५ च्या स्वप्नात स्वयंपाकघरातला धूर गेला, पण काम उरलं. फक्त ते पुरुषांकडे गेलं. यंत्र आल्यावर घरकाम कमी होतं, की ते करणारी बाई फक्त नजरेआड होते? आदर्श समाज रंगवणारे लेखक मोलकरणीला पानावर का आणत नाहीत, आणि आणली तर तिला पगार किती देतात?’

वर्णन साधारण एवढंच असावं, चाळीस ते ऐंशी शब्द. याहून लांबलं तर तुमचं भाषण आधीच झालं असं समजा. शीर्षक एकदा फोनवर कोणाला तरी वाचून दाखवा. ‘म्हणजे काय?’ असं उत्तर आलं तर बदला. ‘हो ना, कोण घासतं?’ असं आलं तर ठेवा.

दुसरी कसोटी विरोधाची. या पॅनलवर समोरची बाजू कोण मांडेल, त्या माणसाचा प्रकार लगेच सांगता आला पाहिजे. नाही आला, तर ती चर्चा म्हणजे एकमेकांच्या पाठी थोपटणं आहे. तिसरी कसोटी वाचनाची: एकच पुस्तक वाचल्याशिवाय चर्चा कळणार नसेल, तर खोलीत पाचच माणसं येतील. त्यासाठी वाचनगट काढा.

मराठी गटानं इकडचे विषय तसेच्या तसे उचलू नयेत, असं आमचं ठाम मत आहे. कृत्रिम गर्भाशयाचंच घ्या. इकडची चर्चा बहुतेकदा बाईची बाळंतपणातून सुटका, या अंगानं सुरू होते. आपल्याकडे सुरुवात वेगळीकडून करावी लागते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला राज्य कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला, आणि व्यावसायिक सरोगसीवर २०२१ च्या कायद्यानं बंदी घातली. पोटातलं बाळ बघायचं यंत्र आलं तेव्हा ते कोणाच्या बाजूनं वापरलं गेलं, हे मराठी श्रोत्याला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून ‘गर्भ यंत्रात वाढला, तर त्याचं बटण कोणाच्या हातात: आई, सासू की सरकार?’ हा विषय पुण्यात पंचाहत्तर मिनिटं सहज चालेल. इथं एक डॉक्टर आणि एक वकील हवेतच, नाहीतर कायद्याबद्दल वाटेल ते बोललं जातं आणि ते दुरुस्त करायला कोणी नसतं.

टोपणनावांचा विषयही असाच भरलेला आहे. अमेरिकी विज्ञानकथांमधल्या जेम्स टिपट्री ज्युनियर या लेखकाच्या नावामागे ॲलिस शेल्डन ही बाई होती. ते कळायच्या आधी एका नामवंत लेखकानं ही शैली पुरुषाचीच असल्याचं छापूनही ठेवलं होतं. त्याच सुमारास आपल्याकडे, १९७४ मध्ये, जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावानं कथा पाठवली, नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. एकीनं बाईपण झाकलं, एकानं प्रसिद्धी. दोघांना सारखंच मोजायचं का, यावर खोलीत दोन तट पडतील. (टिपट्रीच्या नावानं १९९१ मध्ये विस्कॉनमध्येच पुरस्कार जाहीर झाला, त्याचे पैसे घरी भाजलेले केक-बिस्किटं विकून उभे राहायचे. २०१९ मध्ये त्याचं नाव बदललं. त्या बदलावर स्वतंत्र पॅनल होईल.)

कचऱ्याचं मात्र कोणी सुचवत नाही. कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३ पासून ज्या पुण्यात आहे, तिथं ‘अवकाशयानातला कचरा कोण वेचतं?’ हा विषय आलाच पाहिजे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात मूत्र शुद्ध करून पिण्याचं पाणी करतात, तेव्हा तांत्रिक बाजूलाही बोलायला भरपूर आहे.

आता बिघडतं कुठं ते. सर्वात जास्त बिघडतं माणसं निवडताना. जातीवरच्या पॅनलवर एकच दलित वक्ती आणि तीन ‘अभ्यासक’ बसवले की तिला पूर्ण वेळ समाजाची प्रतिनिधी म्हणून उत्तरं द्यावी लागतात. तिला कथेवर, भाषेवर, यानाच्या इंजिनावर बोलायचं असेल, तर ते राहूनच जातं. किमान दोन जणी असू द्या, आणि त्याच वक्त्यांना जातीचा संबंध नसलेल्या विषयांवरही बोलवा. वर्णाबद्दलच्या अशाच चर्चांमधून १९९९ मध्ये विस्कॉनमध्ये कार्ल ब्रँडन सोसायटी ही विज्ञानकथांमधल्या वर्णाच्या प्रश्नावर काम करणारी संस्था उभी राहिली.

दुसरी गडबड पातळीची. ‘स्त्रीवाद म्हणजे काय’पासून सुरुवात करणारा एक प्राथमिक पॅनल पहिल्या दिवशी सकाळी ठेवा आणि बाकीच्यांच्या वर्णनात स्पष्ट लिहा की इथं मुळाक्षरं शिकवली जाणार नाहीत. हे लिहिलं नाही तर प्रत्येक खोलीत तोच एक प्रश्न येतो आणि वीस मिनिटं खातो.

वेळेचा हिशोब पंचाहत्तर मिनिटांचा धरा. ओळखी पाच मिनिटं, आपसातली चर्चा चाळीस, श्रोते पंचवीस, शेवटची एक फेरी पाच. चार वक्ते असतील तर चाळीस मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला दहा येतात, सहा असतील तर सातही नाहीत. म्हणून चार वक्ते आणि एक मॉडरेटर, म्हणजे चर्चा चालवणारा. मॉडरेटरनं स्वतःची मतं घरी ठेवून यावं. विषयातला सर्वात मोठा जाणकार या जागी बसवू नका, तो बोलल्याशिवाय राहत नाही. आठवडाभर आधी सगळ्या वक्त्यांना एका ईमेलमध्ये जोडून चार प्रश्न पाठवायला मॉडरेटरला सांगा. ‘प्रश्न नाही, फक्त एक टिप्पणी’ म्हणत उठणाऱ्या काकांना थांबवायचं कामही त्याचंच, आणि ते नम्रपणे पण पहिल्या अर्ध्या मिनिटात करायचं असतं.

दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय हे सगळं मेळाव्याच्या उद्घाटनात एकदाच करा. दर पॅनलला सत्कार घातला तर पंचाहत्तरमधली पंधरा तिथंच गेली.

माइक सगळ्यांनी वापरायचा. ‘माझा आवाज पोहोचतो’ म्हणणाऱ्यांचा आवाज कमी ऐकू येणाऱ्यांपर्यंत पोहोचत नाही, आणि त्या बिचाऱ्या हात वर करून तसं सांगत नाहीत. व्हीलचेअरची जागा जमिनीवर रंगीत टेप लावून आधीच आखा, नाहीतर तिथं खुर्च्या येतात. सभागृह बघायला जाल तेव्हा लिफ्ट चालू आहे का, ते स्वतः चढून-उतरून बघा, आणि व्यासपीठाला पायऱ्या असतील तर वक्त्यांची टेबलं सरळ खालीच मांडायला सांगा.