की-लॉगिन आहे म्हणून एसएसएच सुरक्षित समजू नका

उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, निपाणीतले तंबाखूचे व्यापारी, खानापूर-चिकोडीकडच्या सौहार्द सहकारी संस्था: अशा ठिकाणी बिलिंग विंडोजवर चालतं आणि बॅकअपसाठी कोपऱ्यात एखादं लिनक्स मशीन असतं. सांभाळणारा माणूस बेळगावात, मशीन तिकडं. म्हणून एसएसएचसाठी, म्हणजे लांबून मशीनमध्ये शिरून कमांड देण्याच्या सोयीसाठी, राउटरवर २२ नंबरचा पोर्ट बाहेरून उघडा ठेवलेला असतो. पासवर्ड बंद केला, फक्त की (लॉगिनची डिजिटल किल्ली) ठेवली, की झालं काम, असं बहुतेकांना वाटतं. एसएसएच सर्व्हरमधली सीव्हीई-२०२४-६३८७ ही त्रुटी (सीव्हीई म्हणजे सुरक्षा त्रुटींच्या यादीतला नंबर) नेमकी इथंच गाठते. ती लॉगिनच्या आधी वापरली जाते, त्यामुळे हल्लेखोराला ना की लागते ना युजरचं नाव. आणि हाती लागतो तो थेट रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा.

क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी १ जुलै २०२४ ला ही जाहीर केली. मुळात ही २००६ सालची जुनी त्रुटी (सीव्हीई-२००६-५०५१). ओपनएसएसएच (लिनक्सवरचा नेहमीचा एसएसएच सर्व्हर) ४.४पी१ मध्ये ती बुजवली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये लॉग लिहिण्याचा भाग नव्यानं मांडताना तिला अडवणारी एक अट निघून गेली आणि ८.५पी१ पासून ९.७पी१ पर्यंत ती पुन्हा शिरली. ९.८पी१ मध्ये दुरुस्त झाली.

आत घडतं ते असं. जोडणी झाल्यावर लॉगिन पूर्ण करायला सर्व्हर ठरावीक वेळ देतो, मूळ सेटिंगमध्ये १२० सेकंद. वेळ संपली की अलार्मचा सिग्नल येतो आणि चालू काम जिथं असेल तिथंच थांबवून सिग्नल हँडलर धावतो. हा हँडलर सिसलॉगला (मशीनच्या नोंदवहीला) नोंद पाठवतो आणि जीलिबसीमधलं (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीतलं) सिसलॉगचं फंक्शन त्यासाठी मेमरी मागतं. थांबवलेलं कामही त्या क्षणी मेमरीचीच देवघेव करत असेल, तर हिशेबाची वही अर्धी लिहिलेली असताना दुसऱ्यानं त्याच पानावर लिहायला घेतल्यासारखं होतं. मेमरीची मांडणी बिघडते आणि नेमक्या वेळी नेमका डेटा पाठवणारा त्या बिघाडातून आपला कोड चालवू शकतो. ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला ही बाधा नाही, कारण तिथं सिग्नलमध्ये चालेल असं वेगळं सिसलॉग फंक्शन वापरतात.

ही वेळ साधणं सोपं नाही. क्वालिसच्या ३२ बिट डेबियन १२ वरच्या प्रयोगात सरासरी १०,००० प्रयत्न लागले. एका वेळी १०० जोडण्या, दर १२० सेकंदांनी एक फेरी: १०० फेऱ्यांना ३ तास २० मिनिटं. त्यात जीलिबसीच्या मेमरीतल्या पत्त्याचा अंदाज निम्म्या वेळाच बरोबर येतो, म्हणून एकूण ६ ते ८ तास. एका रात्रीचं काम. ६४ बिटवर त्यांनी पूर्ण हल्ला करून दाखवला नव्हता, पण तेवढ्यावर विसंबून मशीन तसंच ठेवणं मला पटत नाही.

इथं एक चुकीचा सल्ला फार फिरतो: लॉगिनग्रेसटाइम (लॉगिनला दिलेली ती मुदत) १२० वरून ३० करा. या त्रुटीपुरतं ते उलटंच पडतं. फेरी ३० सेकंदांची झाली की हल्लेखोराला तासाला चौपट संधी मिळते.

आता तपासणी. ‘एसएसएच -व्ही’ने (व्ही कॅपिटल) दिसते ती क्लायंटची आवृत्ती, बघायचं असतं सर्व्हरचं पॅकेज. शिवाय डेबियन आणि उबुंटू मुख्य आकडा न बदलता दुरुस्ती मागच्या आवृत्तीत घालतात, त्यामुळे शेपटाकडचा आकडा वाचायचा. ‘डीपीकेजी -एल ओपनएसएसएच-सर्व्हर’ (एल लहान लिपीतला) दिल्यावर डेबियन १२ वर ९.२पी१-२+डेब१२यू३ किंवा पुढचं, उबुंटू २२.०४ वर ८.९पी१-३उबुंटू०.१० किंवा पुढचं दिसलं पाहिजे. रेड हॅट ९ कुळात आरपीएमचा चेंजलॉग काढून त्यात २०२४-६३८७ शोधा. उबुंटू २०.०४ (८.२पी१), रेड हॅट ८ (८.०पी१) आणि सेंटओएस ७ यांना ही त्रुटी लागू नाही. पण सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ लाच संपला. ते मशीन बदलायलाच हवं.

अपडेट लांबून करताना एसएसएच जोडणीच्या दोन खिडक्या उघडा. पहिलीत पॅकेज चढवा, मग ‘एसएसएचडी -टी’ (टी लहान लिपीतला) चालवा. काही छापलं गेलं नाही तर कॉन्फिग ठीक आहे. त्यानंतरच सर्व्हिस रीस्टार्ट करा (डेबियन-उबुंटूत तिचं नाव एसएसएच, रेड हॅटमध्ये एसएसएचडी). चालू जोडणी त्यानं तुटत नाही. तिसरी, नवी जोडणी लागली की मगच जुन्या बंद करा. ‘-टी’ची पायरी टाळू नका. कॉन्फिगमधली चूक कधीकधी लगेच कळत नाही. पावसाळ्यात खानापूरकडं लाईट जाऊन आली, मशीन पुन्हा चालू झालं, की एसएसएच उठतच नाही आणि कीबोर्ड-मॉनिटर घेऊन तिथं जावं लागतं.

अपडेट लगेच शक्य नसेल तर लॉगिनग्रेसटाइम ० करा. अलार्मच वाजत नाही, त्यामुळे कोड चालवण्याचा मार्ग बंद होतो. बदल्यात अर्धवट जोडण्या कायम लटकून राहतात; मॅक्सस्टार्टअप्सची, म्हणजे एका वेळच्या अर्धवट जोडण्यांची, मर्यादा भरली की तुम्हालाही आत जाता येत नाही. म्हणून सोबत पर-सोर्स-मॅक्सस्टार्टअप्स (एका पत्त्यामागची तीच मर्यादा) ३ ठेवा आणि फायरवॉलमध्ये २२ नंबर फक्त बेळगावच्या ऑफिसच्या स्थिर पत्त्याला उघडा. स्थिर पत्ता नसेल तर वायरगार्ड व्हीपीएन घाला आणि २२ नंबर बाहेरून पूर्ण बंद करा. हे मी अपडेटनंतरही तसंच ठेवायला सांगेन. आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) हीसुद्धा तपासा: राउटरची त्या बाजूची फायरवॉल बंद असेल तर पोर्ट फॉरवर्ड न करताही मशीन बाहेर दिसतं. ही तपासणी ऑफिसच्या वायफायवरून नको, मोबाइल डेटावरून करा.

हल्लेखोरांचे पत्ते अडवणाऱ्या फेल२बॅनवर भिस्त ठेवू नका. साध्या मोडमध्ये तो चुकलेली लॉगिनं मोजतो. या हल्ल्यात लॉगिनचा प्रयत्न पुरा होतच नाही. तो निदान अ‍ॅग्रेसिव्ह मोडवर तरी न्या. खूण शोधायची ती ‘टाइमआउट बिफोर ऑथेंटिकेशन’ या ओळीची: उबुंटूत ऑथ लॉगमध्ये, रेड हॅटमध्ये सिक्युअर फाइलमध्ये, नव्यानं बसवलेल्या डेबियन १२ वर बहुधा फक्त जर्नलमध्ये. दिवसाला दोनचार ओळी कुठंही येतात. तासन्‌तास, दर दोन मिनिटांनी डझनांनी येत असतील आणि पॅकेज तेव्हा जुनं असेल, तर मशीन साफ करत बसू नका. नवीन इन्स्टॉल करा, होस्ट की नव्या बनवा आणि त्या मशीनवर ठेवलेल्या प्रत्येक खाजगी कीची जोडी (पब्लिक की) जिथं जिथं चालते तिथून काढून टाका.