घरी बांधलेला पाच वॅटचा व्हॉल्व्ह गिटार अँप: माझा अनुभव

व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा, गिटार अँप घरी बांधायचा तर त्यातलं सर्किट हे सगळ्यात सोपं काम आहे. १९५० च्या दशकातल्या फेंडर चँपचं ५एफ१ हे सर्किट घेतलं की तीनच व्हॉल्व्ह लागतात: १२एएक्स७, ६व्ही६जीटी आणि रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) म्हणून ५वाय३जीटी. बाकी मूठभर रेझिस्टर आणि कपॅसिटर. खानदेशात काम अडतं ते ट्रान्सफॉर्मरवर, घरात येणाऱ्या व्होल्टेजवर, अर्थिंगवर आणि एप्रिल-मेच्या उन्हावर. म्हणून मी इथे त्यावरच जास्त लिहितो आहे.

आधी ट्रान्सफॉर्मर. रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात पंपाच्या मोटारी भरून देणारी दुकानं गावोगाव आहेत. जळगाव-भुसावळला तर आहेतच. त्यांच्याकडे तार, मिलिनेक्स (इन्सुलेशनची प्लास्टिक फिल्म), वार्निश, काउंटर लावलेलं मशीन सगळं असतं. फक्त त्यांचा हात जाड तारेवर बसलेला असतो आणि आपल्याला ३६ गेजची तार भरून हवी असते. ती जरा ताण पडला की तुटते, आणि आत तुटलेली तार बाहेरून दिसत नाही. म्हणून तोंडी सांगू नये. कागदावर वेढे, गेज आणि थरांचा क्रम लिहून द्यावा.

मी दिलेला हिशोब असा. ईआय स्टॅम्पिंग (ई आणि आय आकाराचे लोखंडी पत्रे), मधली जीभ ३२ मिमी, थप्पी ३२ मिमी. म्हणजे लोखंडाचं निव्वळ क्षेत्रफळ साधारण ९.५ चौरस सेमी. ५० हर्ट्झला एक टेस्ला धरला तर ४५ भागिले क्षेत्रफळ, म्हणजे व्होल्टमागे पावणेपाच वेढे येतात. पाच धरावेत. लोखंड थंड राहतं आणि गुणगुणत नाही. प्रायमरी (घरची लाइन जोडायचं वेटोळं) २८ गेज, ११५० वेढ्यांवर २३० चा टॅप (बाहेर काढलेलं टोक) आणि १२५० वर २५० चा. एचटीला (व्हॉल्व्हला लागणाऱ्या उच्च व्होल्टेजला) ३६ गेज, १४५० अधिक १४५०, म्हणजे लोडवर २७५-०-२७५ मिळतं. रेक्टिफायरच्या ५ व्होल्टला १९ गेजचे २६ वेढे, हीटरच्या (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेच्या) ६.३ ला २० गेजचे ३३ वेढे. हे ६० व्हीएचं काम आहे आणि या बॉबिनमध्ये आरामात बसतं.

२५० चा टॅप का, ते सांगतो. आमच्याकडे शेतीपंप चालू असले की लाइन पडते आणि रात्री पंप बंद झाले की २५०-२६० वर जाते. हीटरला ६.३ च्या दहा टक्के खाली-वर चालतं, म्हणजे ५.७ ते ६.९. अँप २३० च्या टॅपवर ठेवला आणि लाइन २६० झाली की हीटरवर ७.१ व्होल्ट येतात आणि व्हॉल्व्हचं आयुष्य तिथेच घटतं. २५० च्या टॅपवर त्याच वेळी ६.५५ येतात. दिवसा २३० असताना ५.८ मिळतात, तेही मर्यादेत आहे. लाइन २०० वर घसरते तेव्हा मात्र स्टॅबिलायझर लागतोच. रिलेवाल्या स्टॅबिलायझरने टप्पा बदलला की स्पीकरमध्ये ‘धप्प’ आवाज येतो. सर्व्हो असेल तर हा त्रास नाही.

एचटीच्या प्रत्येक थरावर पातळ कागद हवा. प्रायमरी आणि एचटीच्या मध्ये मिलिनेक्सचे तीन वेढे घालावेत. त्यावर तांब्याच्या पत्र्याची शील्ड घालून ती अर्थला जोडली की मोटार, मिक्सरचा कचरा अँपमध्ये कमी शिरतो. पण शील्डची दोन टोकं एकमेकांवर आली तरी त्यांच्यामध्ये मिलिनेक्स असलाच पाहिजे. ती टेकली तर तो शॉर्ट झालेला एक वेढा होतो आणि ट्रान्सफॉर्मर पहिल्याच मिनिटांत तापून धूर काढतो. रिवाइंडिंगवाल्याला ही शील्ड नवीन असते, तेव्हा तेवढा वेळ शेजारी उभं राहावं.

दुसरा तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला. त्यालाही तेच स्टॅम्पिंग चालतं. ६व्ही६ ला ५ हजार ओहमचा लोड लागतो आणि स्पीकर ८ ओहमचा, म्हणून वेढ्यांचं प्रमाण २५ ला १. प्रायमरी ३६ गेजचे २५०० वेढे, सेकंडरी २० गेजचे १००. आधी प्रायमरीचे १२५०, त्यावर पूर्ण सेकंडरी, त्यावर उरलेले १२५० असं सँडविच भरावं, म्हणजे वरचे सूर दबत नाहीत. दोन्ही अर्धे एकाच दिशेने जोडलेले हवेत. उलटे जोडले तर ते एकमेकांना खोडतात आणि आवाज जवळपास येतच नाही.

इथे स्टॅम्पिंग आडवी-उभी विणायची नाही. रिवाइंडिंगवाला सवयीने विणतो, म्हणून आधीच बजावून सांगावं. सगळे ई एका बाजूला, सगळे आय दुसऱ्या बाजूला आणि मध्ये गॅप. कारण या प्रायमरीतून ३५-४० मिलीअँप डीसी सतत वाहतो. गॅप नसेल तर लोखंड त्यानेच भरून जातं आणि गिटारच्या जाड तारेचा आवाज पातळ, फाटका येतो. गॅपसाठी झेरॉक्सच्या ८० जीएसएम कागदाची एक पट्टी पुरते. तिची जाडी सुमारे ०.१ मिमी असते. मग पट्टा आवळून वार्निश.

चासीसाठी कूलरचे सांगाडे बनवणारा गाठावा. भुसावळ, जळगाव, धुळ्याला त्यांच्याकडे पत्रा वाकवायचं मशीन असतं. पत्रा मात्र अ‍ॅल्युमिनियमचा, १४ किंवा १६ गेजचा सांगावा. जीआय पत्र्यातून मेन ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र आउटपुटपर्यंत पोचतं. ऑक्टल बेसला (आठ पिनांच्या व्हॉल्व्हच्या सॉकेटला) २८-२९ मिमीचं भोक, नऊ पिनेच्या बेसला २२ मिमीपर्यंत, तुमच्याकडचा बेस मोजून. बेस सिरॅमिकचे घ्यावेत. टॅगबोर्ड (सुटे भाग सोल्डर करायची पट्टी) मी ३ मिमी हायलमचा (बेकेलाइटसारख्या शीटचा) केला.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर पत्र्यावर आवळण्याआधी एक गोष्ट आवर्जून करावी. व्हॉल्व्ह न लावता, एचटीची टोकं नीट इन्सुलेट करून, फक्त मेन ट्रान्सफॉर्मर चालू ठेवायचा. आउटपुटच्या सेकंडरीला साधा हेडफोन जोडून तो ट्रान्सफॉर्मर पत्र्यावर हळूहळू फिरवत, सरकवत जायचं. एका जागी हेडफोनमधला घुंऽऽ आवाज एकदम मावळतो. साधारणपणे दोन्ही कोअर काटकोनात आले की तसं होतं, पण नेमकी जागा कानालाच कळते. तिथे पेन्सिलने खूण करून भोकं पाडायची. नंतर कितीही फिल्टर लावले तरी इथली चूक भरून निघत नाही.

व्हॉल्व्ह पूर्वी बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स बनवायची. जुन्या रेडिओ मेकॅनिककडे अजून एखादा डबा निघतो, पण त्यातले बहुतेक रेडिओचे ईएल८४ वगैरे असतात, या सर्किटचे नव्हेत. १२एएक्स७ आणि ६व्ही६ आजही रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये तयार होतात. ते आणि बेस मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन मागवावेत. रेझिस्टर, कपॅसिटर, वायर जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मिळतात. काही नव्या ५वाय३ मध्ये जुन्यापेक्षा कमी व्होल्टेज पडतं आणि एचटी अपेक्षेपेक्षा २०-३० व्होल्ट जास्त येतं, हे लक्षात ठेवावं.

फिल्टर कपॅसिटर ५०० व्होल्टचेच घ्यावेत. ५वाय३ लवकर तापतो आणि ६व्ही६ ला वेळ लागतो. तेवढे काही सेकंद लोड नसतो आणि पहिल्या कपॅसिटरवर ४०० च्या वर व्होल्टेज चढतं. लाइन चढलेली असेल तर ४५० चा कपॅसिटर काठावर येतो. तापमानाचं रेटिंग १०५ अंशांचं हवं, ८५ चं नको. मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतं, चासीच्या आत आणखी २० अंशांची भर पडते, आणि दर दहा अंशांमागे इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य साधारण निम्मं होतं. पहिला कपॅसिटर १६ ते २२ मायक्रोफॅरड. घुंऽऽ कमी व्हावा म्हणून तिथे ४७ लावला तर दर वेळी चालू करताना ५वाय३ वर करंटचा धक्का बसतो. पुढचे दोन २२ चे चालतात. मधले रेझिस्टर १० के आणि २२ के. पहिल्या कपॅसिटरवर २२० के, २ वॅटचा ब्लीडर (बंद केल्यावर कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) कायम जोडून टाकावा.

वायरिंगची सुरुवात हीटरपासून. दोन तारा घट्ट पिळून, पत्र्याच्या कोपऱ्याला चिकटवून न्याव्यात. १२एएक्स७ ची ४ आणि ५ नंबरची पिन एकत्र हे एक टोक, ९ नंबर दुसरं. ६व्ही६ ला २ आणि ७. हीटरच्या दोन्ही टोकांपासून १००-१०० ओहम अर्थला दिले की गुणगुण बरीच उतरते. पिना खालून बघताना घड्याळाच्या दिशेने मोजायच्या. ६व्ही६ मध्ये ३ प्लेट, ४ स्क्रीन, ५ ग्रिड, ८ कॅथोड. ५वाय३ च्या ४ आणि ६ वर एचटीची टोकं, आणि डीसी ८ वरून काढायचा.

सिग्नलचा भाग थोडक्यात. इनपुटला १ मेग आणि ६८ के, दोन्ही ट्रायोडना (१२एएक्स७ च्या दोन अर्ध्या भागांना) प्लेटवर १०० के, कॅथोडला १.५ के. कपलिंग कपॅसिटर (एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात सिग्नल नेणारे) ०.०२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचे, ज्यावर २२३ छापलेलं असतं. मध्ये १ मेगचा लॉग व्हॉल्यूम. ६व्ही६ ला ग्रिडवर २२० के, कॅथोडला ४७० ओहम ५ वॅट आणि त्याला समांतर २५ मायक्रोफॅरड. स्पीकरच्या टोकापासून दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडला २२ के, हा निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग उलटा मागे देणं. सगळ्या अर्थ एका ठिकाणी, इनपुट जॅकजवळ पत्र्याला. मेनची अर्थ मात्र स्वतंत्र बोल्टवर, आणि तो बोल्ट दुसऱ्या कशासाठी वापरायचा नाही.

आता घराची अर्थिंग. तापीकाठच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, माती अर्थच्या पाइपापासून सुटते आणि पिन असूनही अर्थ नसतो. तपासायला फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून पाहावा. फेज-न्यूट्रलइतकाच लखलखला तर ठीक. मंद पेटला तर खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पाणी सोडावं, आणि उन्हाळाभर ते चालू ठेवावं. आरसीसीबी (करंट गळला की तुटणारा स्विच) असेल तर तो या चाचणीत ट्रिप होईल, तेव्हा इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावं. या अँपच्या आत ३०० व्होल्ट डीसी असतो आणि गिटारची तार थेट चासीला जोडलेली असते. अर्थ नसेल तर अँप चालू करू नये. उन्हाळ्यात फरशीवर पाणी मारलेलं असतं, कूलर गळत असतो. तिथे अनवाणी बसून चासी उघडू नये. काम करताना घरात दुसरं माणूस असावं, एक हात मागे ठेवावा, आणि प्लग काढल्यावरही मीटरने पहिला कपॅसिटर शून्य झालेला पाहूनच आत हात घालावा.

पहिल्यांदा लाइट द्यायची ती ६० वॅटच्या सिरीज बल्बमधून, एकही व्हॉल्व्ह न लावता. बल्ब क्षणभर चमकून विझायला हवा. पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. हीटरवर ६.३ ऐवजी पावणेसात दिसले तरी घाबरायचं कारण नाही, लोड नाही म्हणून तसं दिसतं. मग १२एएक्स७ आणि ६व्ही६ लावून हीटर पेटलेले पाहायचे. स्पीकर जोडल्याशिवाय ५वाय३ लावायचा नाही. स्पीकरविना सिग्नल गेला तर प्रायमरीत व्होल्टेज उसळून इन्सुलेशन फुटतं. मेनला ५०० मिलीअँपचा स्लो फ्यूज.

सिरीज बल्ब काढल्यावर पहिल्या कपॅसिटरवर ३०० ते ३१५, दुसऱ्यावर २७० च्या आसपास, तिसऱ्यावर २३५ च्या आसपास यावेत. १२एएक्स७ च्या प्लेटवर १४० ते १७०, कॅथोडवर सव्वा व्होल्टच्या आसपास. ६व्ही६ च्या कॅथोडवर १७-१८ व्होल्ट, म्हणजे ४७० ने भागले की ३७ मिलीअँप. प्लेटवर साधारण १० वॅट जिरतात, मर्यादा १२ ची आहे. लाइन चढली तर मधली ही मोकळीकच कामी येते. कॅथोडवर २५ च्या वर दिसले आणि प्लेट लालसर झाली तर लगेच बंद करून ग्रिडचा कपलिंग कपॅसिटर बघायचा. तो गळत असतो, नाहीतर २२० के सुटलेला असतो.

चालू करताच अँपने शिट्टी मारली तर तो सर्किटचा दोष नव्हे. फीडबॅक उलट्या फेजमध्ये आला आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन तारा अदलाबदल केल्या की शिट्टी थांबते. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही घुंऽऽ येत असेल तर दोष व्हॉल्यूमच्या पुढचा: फिल्टर, हीटर किंवा ट्रान्सफॉर्मरची जागा. व्हॉल्यूम वाढवल्यावरच येत असेल तर इनपुटची शील्ड वायर आणि अर्थ तपासावी.

स्पीकर आठ किंवा दहा इंची, ८ ओहम, कागदी कोनचा आणि कडक कडेचा. रबरी कडेच्या हायफाय स्पीकरवर पाच वॅट मरगळल्यासारखे वाजतात. पीएचा (सभा-समारंभाच्या लाउडस्पीकरचा) चांगला स्पीकर खोली भरून टाकतो. खोक्याला १८ मिमी प्लाय, मागची बाजू अर्धी उघडी, आणि व्हॉल्व्हच्या वर किमान चार बोटं मोकळी जागा, जाळी लावून. आवाज अजून खरखरीत हवा असेल तर २२ के फीडबॅकमध्ये स्विच टाकावा, आणि पहिल्या ट्रायोडच्या कॅथोडला २५ मायक्रोफॅरड जोडून पाहावा. हंबकर (दोन कॉइलच्या) पिकअपवर तो नको, तळाचे सूर चिखल होतात. सिंगल कॉइलवर ठेवावा.