हूटर वाजला, फोन आलाच नाही

घरफोडीचा अलार्म निवडायला चार दिवस लागले, बसवायला एक दुपार. त्या अलार्मने मला फोन करावा म्हणून लागणाऱ्या सिमकार्डाने मात्र पंधरा दिवस खाल्ले. विक्रेते सेन्सर किती, हूटर (भोंगा) केवढा यावर तासभर बोलतात. कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात ‘सिम ग्राहकाचे’ एवढंच असतं, आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खातं.

घर पार्ल्यातलं, जुनी तीनमजली इमारत, दुसरा मजला. लाकडी दार, बाहेर लोखंडी सेफ्टी डोअर, खिडक्यांना ग्रिल. स्वयंपाकघराची गॅलरी तेवढी उघडी, आणि तिच्या शेजारूनच ड्रेनेजचा पाइप वर गेलेला. गणपतीत आम्ही रत्नागिरीला, म्हणून दहा दिवस कुलूप. एवढ्या घराला एक पॅनल (सेन्सरांची खबर घेऊन हूटर वाजवणारी आणि फोन लावणारी पेटी), मुख्य दार आणि गॅलरीच्या दाराला एकेक मॅग्नेटिक सेन्सर, हॉलमध्ये एक पीआयआर (अंगाच्या उष्णतेवरून हालचाल टिपणारा सेन्सर), मुख्य दाराच्या फळीवर एक व्हायब्रेशन सेन्सर आणि एक हूटर पुरतो. कडी-कोयंडा उचकटायला घेतला की व्हायब्रेशन सेन्सर बोलतो. मॅग्नेटिक बोलतो ते दार उघडल्यावर. या दोहोंतल्या मिनिटासाठीच पैसे मोजायचे.

भिंती फोडायच्या नव्हत्या म्हणून वायरलेस घेतला. स्वस्त वायरलेस संच बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झवर एकतर्फी चालतात. सेन्सर ओरडतो, पॅनलने ऐकलं की नाही हे त्याला कळत नाही. सेन्सरचा सेल संपला तरी पॅनल ‘सगळं ठीक’ समजून बसतो. म्हणून दुकानात एकच प्रश्न विचारायचा: सेन्सरचा सेल काढून ठेवला तर पॅनल किती वेळात सांगेल? ‘तसं होत नाही साहेब’ असं उत्तर आलं की उठायचं. दुतर्फी संच महाग पडतो, पण पॅनल ठरावीक वेळाने प्रत्येक सेन्सरची हजेरी घेतो.

आता सिम. वाय-फाय असताना सिम कशाला, असं आधी मलाही वाटलं होतं. आमच्यासारख्या जुन्या इमारतीत मीटर आणि मेन स्विच जिन्याखाली, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाताशी. कोणी स्विच पाडला की राउटर गेला आणि त्याच्याबरोबर मोबाइलवरच्या अ‍ॅपला येणारी खबरही. पॅनल १२ व्होल्ट ७ एएचच्या (अँपिअर-तास) बॅटरीवर जागा राहतो (दीडशे मिलिअँपिअर खाणारा पॅनल हिशेबाने सुमारे ४७ तास, प्रत्यक्षात तीसेक धरा), पण बाहेर खबर द्यायला त्याच्याकडे सिमच उरतं.

पहिलं सिम घातलं, पॅनल फोनच लावेना. नेटवर्कचा दिवा सेकंदाला एकदा लुकलुकत राहिला. आमच्या पॅनलमधल्या मॉड्यूलच्या (सिम बसतं त्या, फोन लावणाऱ्या भागाच्या) भाषेत याचा अर्थ ‘शोधतोय’. नेटवर्क मिळालं की तोच दिवा तीन सेकंदांनी एकदा लागतो. कारण साधं होतं: मॉड्यूल फक्त जुन्या २जी जाळ्यावर चालणारं, आणि सिम अशा कंपनीचं जिचं २जी जाळंच नाही. काउंटरवर ‘अलार्मला घालायचंय’ असं स्पष्ट सांगूनही तेच दिलं होतं. खोक्यावर ‘४जी’ छापलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. बरेच ४जी पॅनल डेटा ४जीवर पाठवतात आणि बोलण्यासाठी २जीवर उतरतात. ‘व्हीओएलटीईवर (म्हणजे ४जीवरूनच) कॉल लागतो का’ हे विचारा, आणि दुकानातच तुमचं सिम घालून लावून दाखवायला सांगा.

मग तेच सिम दुसऱ्या कंपनीत पोर्ट करावं म्हटलं, तर नवं कनेक्शन ९० दिवस जुनं झाल्याशिवाय पोर्ट होत नाही. तीन महिने कोण थांबणार? नवीन सिम. ज्याच्या नावावर घ्यायचं त्यानेच आधार घेऊन जायचं, बोटाचा ठसा द्यायचा. पहिल्या फेरीत सर्व्हर बंद. दुसऱ्या फेरीत ठसा उठेना. अंगठा, तर्जनी, डावा हात, रुमालाने पुसून पुन्हा अंगठा. तिसऱ्या फेरीत जमलं, तर हातात पडलेलं सिम नॅनो आणि पॅनलचा खाचा मोठा. अ‍ॅडॅप्टरमध्ये बसवून ढकललं तर ते आतच अडकतं, म्हणून अ‍ॅडॅप्टरला मागून पारदर्शक टेप लावा. सिम बदलून घ्यायच्या भानगडीत पडू नका. बदललेल्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, आणि हे पॅनल सेटिंग एसएमएसनेच घेतात.

नवं सिम थेट पॅनलमध्ये घालू नये. आधी मोबाइलमध्ये घालून चालू करून घ्या, सिमचा पिन काढा, एक कॉल आणि एक एसएमएस करून बघा. मग पॅनलला नंबर शिकवा आणि कारखान्याचा पासवर्ड (बहुतेक १२३४ किंवा ०००० असतो) त्याच दिवशी बदला.

नंबरांचा क्रमही चुकला होता. पहिला नंबर माझा. काही पॅनल पहिल्या माणसाने फोन उचलला की पुढच्यांना लावतच नाहीत, आणि मी रत्नागिरीत बसून काय करणार? पहिला नंबर दहा मिनिटांत दारात पोचेल त्याचा. आमच्याकडे समोरच्या काकांचा. ११२ पॅनलमध्ये भरू नका. आधी माणसाने खात्री करावी, मग माणसानेच ११२ लावावा. सगळं झाल्यावर रात्री चाचणी घेतली. हूटर वाजला, फोन पुन्हा नाही! या वेळी दोष माझ्या मोबाइलचा: रात्री डू नॉट डिस्टर्ब लागतो, आणि पॅनलचा नंबर अनोळखी. तो नंबर सेव्ह करून अपवादात घातला. ज्यांचे ज्यांचे नंबर भरले, त्या सगळ्यांच्या मोबाइलवर हे करावं लागतं.

रिचार्ज संपला की पॅनल मुका. जानेवारी २०२५पासून फक्त बोलणं आणि एसएमएस असे पॅक मिळतात, वर्षभराच्या मुदतीचेही. तोच घ्या, काउंटरवरचा मुलगा डेटावालाच पुढे करतो.

हूटरचं कमिटीशी आधी बोलून घ्यावं, निदान सेक्रेटरींच्या कानावर घालावं. राहत्या वस्तीत रात्री दहा ते सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल, आणि हूटर शंभराच्या पुढचा. तीन मिनिटांनी आपोआप बंद होईल असं सेटिंग करा. हूटर घरातच, छताजवळ, हात पोचणार नाही असा. पॅसेजमध्ये लावला की परवानगीही लागते आणि वायर कापणंही सोपं होतं.

पीआयआर सात-आठ फुटांवर, कोपऱ्यात, चोर त्याच्यासमोरून आडवा जाईल असा. सरळ अंगावर चालत येणारा त्याला उशिरा दिसतो. एसीचा झोत, हलणारा पडदा आणि पश्चिमेचं ऊन समोर नको. पाल भिंगावर बसली तर ती त्याच्या हिशेबी माणसाएवढी होते. सेन्सर आणि भिंत यांच्यातल्या फटी सिलिकॉनने बुजवा.

मॅग्नेटिक सेन्सरचा मॅग्नेट सेफ्टी डोअरच्या लोखंडावर लावू नका, लोखंड चुंबकाचा जोर खातं आणि सेन्सरला तो जाणवण्याचं अंतर घटतं. लाकडी दारावर लावा, पण दार पावसाळ्यात फुगतं हे धरून. आमच्या गॅलरीचं दार जुलैत पूर्ण मिटेना, मॅग्नेट सेन्सरपासून दीड सेंटिमीटर लांब राहिला आणि पॅनल आर्म व्हायलाच (पहाऱ्यावर यायलाच) तयार नव्हता. सुताराने रंधा मारल्यावर पाच मिलिमीटरवर आला.

आणखी एक: पॅनल लोखंडी कपाटात लपवू नका, आत सिग्नल जात नाही. फोन लावताना पॅनल रीस्टार्ट होत असेल तर आधी बॅटरी तपासा. २जी मॉड्यूल कॉलच्या क्षणी दोन अँपिअरपर्यंत ओढतं, आणि तीन वर्षांची जुनी बॅटरी तेवढं देत नाही.