माडी साडेनऊ फुटांवरून खाली का आली

वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमध्ये नेपथ्यकाराचं डिझाइन येतं आणि त्यातून मिस्त्री आणि वेल्डरच्या हातात देता येतील अशी ड्रॉइंग्ज मी काढतो. त्या दिवशी टेबलावर आला तो दुमजली घराचा सेट. मागे 24 फूट लांब, 12 फूट उंच भिंत, एका अंगाला माडी आणि तिच्यावर एका झोकात वळत जाणारा जिना. पुठ्ठ्याचं मॉडेल इतकं देखणं की निर्माते जिन्यावरून नजर काढेनात. शुभारंभ वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृहात, पुढे ठाण्यात गडकरी आणि घाणेकर. कटिंग लिस्ट संध्याकाळपर्यंत हवी होती.

मॉडेलसोबत 1:25 चा ग्राउंड प्लॅन होता, पीडीएफवरून छापलेला. असा कागद आला की मी आधी त्यावरची मापपट्टी मोजतो. 2 मीटरची रेघ 80 मिमी भरायला हवी, भरली साडेसत्त्याहत्तर. छापताना कुणीतरी ‘फिट टू पेज’ ठेवलं होतं. त्या कागदावर पट्टी लावून माप काढलं असतं तर 24 फुटांची भिंत 23 फूट 3 इंचांची झाली असती आणि माडी तिला कुठेच जुळली नसती. म्हणून कागद मोजायचाच नाही, लिहिलेला आकडा घ्यायचा. आकडा लिहिलेला नसेल तर फोन करायचा.

मग सेक्शन, म्हणजे सेट बाजूनं उभा कापल्यासारखा दाखवणारं ड्रॉइंग. डिझाइनमध्ये माडी 9 फूट 6 इंचांवर होती. दौऱ्याच्या सेटला एकाच थिएटरचं माप धरून चालत नाही, सगळ्यांत अडचणीचं धरावं लागतं. मी बाल्कनीच्या शेवटच्या रांगेतला डोळा रंगमंचापासून 22 फूट उंच आणि वरून लटकणाऱ्या पहिल्या कापडी झालरीपासून 80 फूट लांब धरला, झालरीचा खालचा काठ 16 फुटांवर. डोळ्यापासून झालरीच्या काठावरून रेघ पुढे नेली की दर फुटाला ती जवळपास एक इंच उतरते. माडी झालरीच्या 16 फूट मागे, म्हणजे तिथे रेघ येते 14 फूट साडेनऊ इंचांवर. साडेनऊ फुटांच्या माडीवर 5 फूट 8 इंचांचं पात्र उभं राहिलं तर डोक्याचा माथा 15 फूट 2 इंचांवर जातो. मागच्या प्रेक्षकाला भुवयांच्या वरचं काही दिसणार नाही.

“झालर फूटभर वर घेऊ या की,” निर्माते म्हणाले. हा उपाय सगळ्यांनाच सुचतो. पण झालर वर गेली की पहिल्या दोन-तीन रांगांना बॅटनवरचे, म्हणजे झालरीमागच्या आडव्या नळीवरचे दिवे दिसायला लागतात. माडीच खाली आणणं भाग होतं.

किती खाली, ते जिन्यानं ठरवलं. 8 फुटांवर आणली तर 96 इंचांच्या 14 चढत्या पायऱ्या करताना एकेक चढ 6 इंच 7 सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) धरावा लागतो आणि बेरीज 2 सूत जास्त येते. मिस्त्री तो फरक शेवटच्या पायरीत मुरवतो, आणि नट नेमका तिथेच ठेचकाळतो, कारण पायाला आधीच्या 13 पायऱ्यांची सवय झालेली असते. त्यापेक्षा माडीच 98 इंचांवर घेतली. 7 इंचांचे सरळ 14 चढ, आणि डोक्यावर जवळपास फूटभर जागा सुटते.

या 98 चा आणखी एक फायदा निघाला. प्लाय येतो 8 बाय 4 चा, म्हणजे 12 फुटी फ्लॅटवर (भिंतीच्या सुट्या तुकड्यावर) 96 इंचांवर आडवा सांधा येणारच. रंग कितीही चांगला मारा, बाजूनं प्रकाश पडला की सांधा उठून दिसतो. आता माडीच्या कडेला 6 इंची पट्टी आहे, 98 पासून 92 पर्यंत उतरणारी. तीच पट्टी भिंतीवरून पुढे नेली की सांधा तिच्याखाली जातो. उभे सांधे दर 4 फुटांवर. ते झाकतील असे खांब डिझाइनमध्ये भिंतीवर होते, पण अंतरं असमान. “ताई, हे दोन खांब पाच-पाच इंच सरकवले तर चालतील का?” असं नेपथ्यकारांना फोनवर विचारलं. सेट कुठे कापायचा हा प्रश्न सुतारकामाचा वाटतो, पण उत्तर नेपथ्यकारानंच द्यायचं असतं. ताईंनी एक सरकवू दिला. दुसऱ्या सांध्यावर कॅलेंडर लटकलं.

वळणदार जिना मात्र अख्खा ठेवणं शक्य नव्हतं. चौदा फुटी टेम्पोत तो मावेलही, पण मग फ्लॅट कुठे ठेवायचे? सात-सात चढांचे दोन सरळ भाग आणि मध्ये 49 इंचांवर चौथरा, असा तो मोडला. ताई नाराज झाल्या, ते साहजिकच होतं. शेवटी खालच्या तीन पायऱ्या गोलाकार पसरट ठेवल्या. तिथे दर्शनी बाजूला 4 मिमीचा वाकणारा प्लाय लागतो. जाड प्लायला मागून करवतीचे चर पाडून वाकवता येतं, पण वर्दळीत तो चरांवरच फुटतो.

माडीच्या चौकटीसाठी 40 बाय 40 बाय 2 मिमीचा चौकोनी पाइप, वर 18 मिमी प्लाय. भारतीय मानक 875 रंगमंचासाठी दर चौरस मीटरला 5 किलोन्यूटन भार धरायला सांगतं, म्हणजे माडीच्या चार बाय आठ फुटी एका तुकड्यावर साधारण दीड टन. एवढी माणसं तिथे मावत नाहीत, पण पाइप तेवढ्यावर तपासलेला बरा. खरा धोका आडव्या हालचालीचा. नट धावत वर गेला की तिरके टेकू नसलेली माडी डुलते, तिच्यासोबत भिंत डुलते आणि प्रेक्षक हसतात. मागच्या आणि बाजूच्या अंगाला फुली टेकू मारले. समोर कमान असल्यानं तिथे फुली चालत नाही, म्हणून वरच्या दोन्ही कोपऱ्यांत 18 इंची त्रिकोणी प्लाय बोल्टनं आवळायचा.

वेल्डर मिमीत काम करतो, मिस्त्री फूट-इंच-सुतात. ड्रॉइंगवर दोन्ही लिहावं लागतं. 98 इंच म्हणजे 2489 मिमी. त्यातून प्लायचे 18 आणि चौकटीचे 40 वजा केले की पायाला उरतात 2431. पाइप कापायचा मात्र 2405, बाकीचे 26 तळाच्या बोल्टचे, कारण रंगमंचाची जमीन सगळीकडे सपाट नसते आणि बोल्ट फिरवून पाय वर-खाली करता यायला हवा. वेल्डरला 2431 चा आकडा दिसूच द्यायचा नाही, नाहीतर तो तेवढाच कापतो.

प्रत्येक तुकड्याला मागून नंबर, तोही ठळक, विंगेतल्या अंधारात वाचता येईल असा. बांधताना जे आधी लागतं ते टेम्पोत शेवटी चढवायचं, म्हणून भरण्याच्या यादीचा क्रम उलटा.

रेलिंग तेवढं राहिलं. पात्र त्यावर नुसतं टेकणार की चढून बसणार, हे दिग्दर्शकांना विचारायचं होतं. टेकणार असेल तर खांब चौकटीला बोल्ट केले की पुरतं. बसणार असेल तर खांब चौकटीच्या पाइपमधून खाली उतरवून पायाला वेल्ड करावे लागतात, आणि मग तो पाय रेलिंगसकट एक तुकडा होतो, टेम्पोत वेगळी जागा मागणारा.